वाटेत साहेबाचं राज्य

मागच्या अंकात एका वाचकाला मी चारच ओळींचं उत्तर दिलं होतं : नखचिवान हे अझरबैजानमधलं स्वायत्त प्रजासत्ताक, मुलूख डोंगराळ, राजधानीचं नावही नखचिवानच, आणि बायबलमधल्या महापुरातून वाचलेल्या नोहाची नाव तिथल्या डोंगराला टेकली अशी दंतकथा आहे. एवढ्यावर अकरा पत्रं आली! डाळिंबाच्या तेल्यावर उत्तर दिलं तेव्हाही इतकी आली नव्हती. संपादक म्हणाले, बाई, या खेपेला दुसरे प्रश्न बाजूला ठेवा, सगळी पानं नखचिवानलाच द्या. म्हणून त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी विट्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सराव पेपरात 'नखचिवान कोणत्या देशात आहे?' हा प्रश्न आला होता. 'अझरबैजान' लिहिलं, मार्क मिळाला. नंतर नकाशा बघितला तर तो तुकडा अझरबैजानला कुठेच चिकटलेला नाही. मधे आर्मेनिया आहे. मग तो त्यांचा कसा? — एक विद्यार्थिनी, विटा

मार्क मिळाल्यावरही नकाशा उघडलास, याबद्दल आधी शाबासकी. तीस वर्षं मिरजेत भूगोल शिकवला, पण असं करणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

उत्तर द्यायच्या आधी माझ्या आजोबांची बदली सांगते.

आजोबा सांगली संस्थानात कारकून होते. संस्थान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीचं देऊळ आणि आजूबाजूची चार गावं येतात. पण पटवर्धनांचं सांगली संस्थान सहा तुकड्यांत विखुरलेलं होतं : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढं, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. मंगळवेढं सोलापूरकडे. शहापूर बेळगावला अगदी खेटून, इतकं की आज ते बेळगावातलंच एक उपनगर आहे. आणि शिरहट्टी थेट धारवाडच्या पलीकडे, गदगजवळ. या तुकड्यांच्या मधे कुठे ब्रिटिशांचा मुलूख, कुठे कोल्हापूरचा, कुठे मिरजेचा. शिरहट्टीच्या शेजारचं लक्ष्मेश्वर मिरजेच्या थोरल्या पातीचं. म्हणजे इथले शेजारी तिकडेही शेजारीच!

तर आजोबांची बदली झाली शिरहट्टीला. मिरजेहून मीटरगेज गाडीनं लोंढा, हुबळी, गदग, आणि पुढे बैलगाडी. आजी ट्रंकेवर बसलेली, मांडीवर माझे थोरले काका. आजोबांच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं सरकारी दफ्तर, गाठीवर लाखेचा शिक्का. गाडी बदलताना एका स्टेशनवर कुणीतरी रेल्वेचा माणूस आला आणि म्हणाला, हे काय आहे, सोडून दाखवा. आजोबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हे सांगली संस्थानचं दफ्तर आहे." तो म्हणाला, "असेल. पण इथं संस्थान नाही." दफ्तर सुटलं नाही, पण गाडी सुटली. रात्र फलाटावर काढावी लागली. आजी हा किस्सा सांगायची तेव्हा शेवट ठरलेला असायचा : "इकडं बी आपलं राज्य, तिकडं बी आपलं राज्य, आणि वाटंत साहेबाचं राज्य!"

नखचिवानचं दुखणं नेमकं हेच आहे. तुकडा कुणाचा हा प्रश्न कागदावर कधीच सुटला आहे. भांडण मधल्या वाटेचं आहे.

आता नकाशा समोर घे. नखचिवानच्या उत्तरेला आणि पूर्वेला आर्मेनिया, दक्षिणेला आणि पश्चिमेला इराण, आणि वायव्येच्या टोकाला तुर्कस्तानशी जेमतेम १७ किलोमीटरची सीमा. इराण आणि तुर्कस्तानच्या बाजूनं अरस नदी वाहते, तीच हद्द. आर्मेनियाच्या बाजूनं झंगेझूरची डोंगररांग, त्यात ३,९०० मीटरवरचं कापिजिक शिखर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई उभी केली तरी सहाशे मीटर कमी पडतील. क्षेत्रफळ सुमारे ५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. आणि त्या सगळ्या प्रदेशात माणसं सांगली-मिरज-कुपवाडमध्ये राहतात त्याहून कमीच.

हा तुकडा तुटला कसा? त्या भागात आधी इराणी बादशहांच्या हाताखालचे खान राज्य करत. १८२८ मध्ये तुर्कमेनचायचा तह झाला आणि येरेवान व नखचिवान या दोन्ही खानांचे मुलूख रशियाच्या झारकडे गेले. अरस नदी हद्द झाली ती तेव्हापासून. झारच्या राज्यात आर्मेनियन आणि अझरबैजानी (तेव्हा त्यांना तातार म्हणत) एकाच गावात, एकाच बाजारात राहत होते. १९१७ मध्ये झारशाही कोसळली. मग दोघांनीही आपापलं राष्ट्र जाहीर केलं आणि दोघांनीही नखचिवानवर हक्क सांगितला. पुढची दोन-तीन वर्षं त्या भागात जे झालं ते इथे लिहीत नाही. फाळणीच्या गोष्टी ज्यांच्या घरात आहेत त्यांना अंदाज येईल.

शेवटी दोन्हीकडे बोल्शेविक, म्हणजे रशियातले कम्युनिस्ट, आले आणि निवाडा दोन तहांत झाला. मार्च १९२१ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत रशिया आणि केमाल पाशांचं तुर्कस्तान यांच्यात, आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये कार्समध्ये तुर्कस्तान आणि कॉकेशसमधली तिन्ही सोव्हिएत प्रजासत्ताकं यांच्यात. ठरलं असं की नखचिवान हा अझरबैजानच्या संरक्षणाखालचा स्वायत्त प्रदेश राहील. मॉस्कोच्या तहात तर स्पष्ट आहे की अझरबैजाननं हे संरक्षण तिसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. हे कलम तुर्कस्तानला हवं होतं. मधला झंगेझूरचा पट्टा मात्र आर्मेनियाकडे राहिला. तुला नकाशात दिसला तो तुटकपणा इथे जन्माला आला. १९२४ मध्ये नखचिवान स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक झालं.

त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं या तुटकपणाची कुणाला फिकीर नव्हती, कारण सगळंच मॉस्कोचं. अझरबैजानची राजधानी बाकूहून निघालेली आगगाडी अरसच्या काठाकाठानं आर्मेनियाच्या मेघ्रीतून जायची, नखचिवानला थांबायची आणि पुढे येरेवानला जायची. वाटेत कुणी दफ्तर सोडायला सांगत नव्हतं. जिल्ह्याची हद्द ओलांडावी तसं सगळं.

१९८८ पासून काराबाखवरून, म्हणजे अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ भागावरून, आर्मेनियन आणि अझरबैजानी पुन्हा पेटले. गाड्यांवर दगड, मग गाड्या बंद. मेघ्रीचा तो पट्टा चाळीस-त्रेचाळीस किलोमीटरचा, म्हणजे सांगली–कोल्हापूरपेक्षाही कमी. पण तेवढा बंद झाला आणि नखचिवान बेट झालं. गॅस नाही, वीज दिवसातून थोडा वेळ, आणि कडाका असा की पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश जावा. लोकांनी बागांतली झाडं तोडून चुली पेटवल्या.

त्याच काळातल्या दोन तारखा तुझ्या वहीत लिहून ठेव. ३१ डिसेंबर १९८९ : नखचिवानच्या लोकांनी इराणच्या हद्दीवरचं सोव्हिएत काटेरी कुंपण उखडलं, कारण पलीकडच्या काठावर त्यांचेच भाऊबंद होते. आणि २० जानेवारी १९९० : बाकूत सोव्हिएत रणगाडे घुसले त्याच दिवसांत नखचिवानच्या सभेनं सोव्हिएत संघातून बाहेर पडत असल्याचा ठराव केला. लिथुआनियाचं नाव पुस्तकात पहिलं येतं, पण त्यांची घोषणा ११ मार्चची, म्हणजे नंतरची. एवढ्याशा तुकड्यानं टाकलेलं पाऊल पुढे टिकलं नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

आणखी एक. परीक्षेत हैदर अलियेव्ह विचारतात. ते नखचिवानचेच, जन्म १९२३. केजीबी (सोव्हिएत गुप्तहेर खातं), पॉलिटब्यूरो (कम्युनिस्ट पक्षाची सर्वोच्च समिती) असं सगळं चढून १९८७ मध्ये मॉस्कोतून बाजूला झाले, १९९० मध्ये गावी परतले आणि पुढच्या वर्षी नखचिवानच्या सभेचे अध्यक्ष झाले. १९९३ मध्ये ते देशाचे प्रमुख झाले, आज त्यांचा मुलगा इल्हाम आहे. कोंडीतल्या त्या वर्षांतच, मे १९९२ मध्ये, अरस नदीवर तुर्कस्तानकडे जाणारा पूल सुरू झाला. त्याचं नाव 'उमिद'. आपली 'उमेद' तीच.

प्रश्न : बाई, तुम्ही नोहाची नाव वगैरे लिहिलंत. हा भूगोल की पुराण? आमच्या मुलांनी काय शिकायचं? — निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

सर, रागावू नका. राजधानीतून दिसणारा इलानदाग नावाचा डोंगर आहे, 'सापाचा डोंगर'. मैदानातून एकदम उभा उठलेला, आणि शेंड्याला मधोमध खाच. लोक म्हणतात, नावेचा तळ घासला तिथे ती पडली. भूगोल म्हणतो, हा ज्वालामुखीच्या रसाचा घट्ट गाभा आहे, भोवतालचं मऊ झिजून गेल्यावर उघडा पडलेला. मी वर्गात दोन्ही सांगते, आधी नाव, मग रस. भीमानं लाथ मारून फोडलेले डोंगर आपल्याकडे काय थोडे आहेत? पोरं लाथेसाठी कान देतात, मग त्याच कानात बेसॉल्ट घालायचा.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून तुमच्यासाठी एक किल्ला. इलानदागपासून फार लांब नाही, अलिंजा. तैमूरलंगाच्या फौजांनी १३८७ च्या सुमारास त्याला वेढा घातला आणि तो हाती यायला १४०१ उजाडलं. चौदा वर्षं! मधे वेढे उठले, पुन्हा बसले, पण गड पडला नाही. आपल्या अजिंक्यताऱ्यापुढे खुद्द औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये येऊन बसला आणि एप्रिल १७०० मध्ये गड गेला, साडेचार महिन्यांत. आपण ते साडेचार महिने केवढ्या अभिमानानं सांगतो, आणि सांगावेतच. पण अलिंजाच्या पायऱ्या चढणारा नखचिवानी म्हातारा आपल्याला ऐकून गालात हसेल.

प्रश्न : माझी तासगाव भागात द्राक्षबाग आहे. तिकडे पाऊस किती? फळबागा आहेत का? पाणी कुठून आणतात? — बागायतदार, तासगाव तालुका

पाऊस ऐकून तुम्हाला धीर येईल : सखल भागात वर्षाला दोनशे ते तीनशे मिलिमीटर. आमच्या आटपाडीपेक्षाही कमी. उन्हाळ्यात चाळीसच्या वर, हिवाळ्यात मी वर सांगितली ती थंडी. डोंगर उघडेबोडके, तांबडे, पिवळे, हिरवट अशा पट्ट्यांचे. उंचावर बाताबातसारखी तळी आणि कुरणं आहेत, पण खाली सगळा माण-खटाव.

तरी फळं आहेत, आणि चांगली आहेत. ऑर्दुबाद हे गाव जर्दाळू, पीच अशा फळांसाठी नावाजलेलं. द्राक्षं तर आहेतच. त्यांचं म्हणणं, नावेतून उतरल्यावर नोहानं पहिला वेल तिथेच लावला. (सर, पुन्हा पुराण. माफ करा.)

पाण्याचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा माल तिथे आहे. अरस आणि तिला मिळणाऱ्या डोंगरनद्यांवरून कालवे आहेत, पण ऑर्दुबादसारख्या गावांना शेकडो वर्षं पाणी दिलं ते 'कहरीज'नं. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल उंचावर असतं, तिथे एक खोल विहीर पाडायची. तिच्या तळापासून गावाच्या दिशेनं जमिनीच्या पोटातून बोगदा काढायचा, अगदी थोडा उतार देऊन. दर काही अंतरावर वरून उभं भोक, माती काढायला आणि आतल्या माणसाला हवा मिळायला. बोगदा गावापाशी आला की पाणी आपोआप बाहेर. पंप नाही, वीज नाही, वाटेत उन्हानं आटणं नाही. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खात जातं, कमी झाला तर गाळ बसतो. तो अंदाज डोळ्यांनी आणि दिव्यानं घेणारे कारागीर होते, त्यांना 'कनकन' म्हणतात. आपल्याकडे औरंगाबादच्या नहरी आणि बिदरची कारेझ याच घराण्यातली.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे करू या का? तसं नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून राहतं. डोंगराच्या पायथ्याला वाळू-गोट्यांचे जाड थर लागतात, ते तासगावात नाहीत. आपलं पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी कृष्णेतून वर चढतं, आणि वीजबिल थकलं की कालवा कोरडा पडतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण एक फरक मनात ठेवा : कहरीज गावच्या लोकांनी साफ केलं तरच चालतं. ज्या वर्षी गाळ काढला नाही त्या वर्षी पाणी नाही, आणि बिल पाठवायला दुसरं कुणी नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याला दमा आहे. नखचिवानला मिठाच्या खाणीत दवाखाना आहे असं मोबाईलवर आलं. खरं आहे का? — मिरज

खरं आहे. राजधानीजवळ 'दुझदाग' म्हणजे मिठाचा डोंगर. सोव्हिएत काळापासून तिथे जुन्या खाणीच्या बोगद्यात दम्याच्या रुग्णांसाठी आरोग्यकेंद्र चालतं. भिंती मिठाच्या, छत मिठाचं, ओळीनं खाटा, रुग्ण रात्री तिथे झोपतात. तिथलं मीठ माणसं सहा हजार वर्षांपूर्वीपासून खणत आली आहेत. दगडी हातोडे सापडले आहेत. जगातल्या सगळ्यांत जुन्या मिठाच्या खाणींत तिची गणना होते.

पण ताई, तुम्ही मिरजेच्या. दक्षिण महाराष्ट्र आणि अर्धा कर्नाटक औषधाला तुमच्या दारात येतो. भाच्याचा पंप त्याच्या डॉक्टरांनी सांगितला तसाच चालू ठेवा. मिठाच्या खोलीत बरं वाटणं वेगळं आणि दमा बरा होणं वेगळं, आणि मी भूगोलाची बाई आहे.

प्रश्न : नखचिवानमध्ये आर्मेनियन लोक होते का? आता का नाहीत? — वाचक, सांगली

होते. भरपूर होते. अरसच्या काठावर जुल्फा नावाचं आर्मेनियन व्यापाऱ्यांचं श्रीमंत गाव होतं, रेशमाच्या व्यापारावर वाढलेलं. १६०४ मध्ये इराणच्या शाह अब्बासनं तुर्कांशी लढताना तो पट्टाच ओसाड करायचं ठरवलं. जुल्फा रिकामं केलं, माणसं नदीपार हाकलली, कित्येक बुडाली, आणि उरलेल्यांना इस्फहानजवळ वसवलं. त्या वसाहतीचं नाव नवं जुल्फा, आजही आहे. हेच व्यापारी पुढे सुरत, आग्रा, मद्रासपर्यंत पसरले. सुरतेत आर्मेनियनांची जुनी दफनभूमी आहे. महाराज सुरतेला गेले तेव्हा त्या पेठेत जुल्फाच्या मुळाची माणसं दुकानं लावून बसलेली होती.

जुन्या जुल्फाच्या दफनभूमीत कोरीव क्रूसांच्या हजारो उभ्या शिळा होत्या. आर्मेनियन भाषेत 'खाचकार'. १९९८ ते २००५-०६ या काळात त्या फोडून सपाट केल्या गेल्या. शेवटचा घाव घालणारे सैनिक नदीच्या इराणकडच्या काठावरून चित्रित झाले, उपग्रहाच्या छायाचित्रांतही आधी शिळा आणि नंतर मोकळं मैदान दिसतं. अझरबैजान सरकार हे नाकारतं. सोव्हिएत काळातच आर्मेनियन वस्ती घटत घटत काही हजारांवर आली होती, १९८८ नंतर तीही गेली. आर्मेनियातून अझरबैजानी लोकही तेव्हाच निघाले, हे त्याच दमात सांगायला हवं.

त्याच नखचिवान शहरात ११८६ मध्ये अजमी नावाच्या स्थपतीनं बांधलेली मोमिने खातूनची दहा बाजूंची उंच कबर आहे, विटांवर निळ्या लुकणाची नक्षी. ती जिवापाड जपतात. विजापूरला जाऊन आलेल्यांनी तिची चित्रं जरूर पाहावीत, घुमटाशिवायही कबर किती देखणी होते ते कळेल.

प्रश्न : 'झंगेझूर कॉरिडॉर'च्या बातम्या येतात. रस्ताच द्यायचा आहे ना, मग आर्मेनिया एवढा का अडतो? — कराड

कारण 'रस्ता' आणि 'कॉरिडॉर' हे एक नाही. आपल्या शेतातून शेजाऱ्याला जायला वाट देणं वेगळं, आणि ती वाट सातबाऱ्यावर त्याच्या नावानं चढणं वेगळं. कराडकराला बांधाचं भांडण मी समजवायला नको.

१० नोव्हेंबर २०२० च्या करारानं दुसरं काराबाख युद्ध थांबलं. त्याच्या नवव्या कलमात आर्मेनियानं नखचिवान आणि उरलेल्या अझरबैजानमधली वाहतूक सुरक्षित ठेवायची हमी दिली, देखरेख रशियन सीमारक्षकांची. अझरबैजान त्याला कॉरिडॉर म्हणू लागलं. आर्मेनिया म्हणाला, या कलमात तो शब्द नाही, वाट देऊ पण तपासणी आमची, कायदा आमचा. इराणलाही धास्ती, कारण तो पट्टा गेला तर आर्मेनियाशी असलेली त्याची हद्दच पुसली जाईल. मग ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही नेते अमेरिकेच्या अध्यक्षांसमोर बसले आणि त्या वाटेला अध्यक्षांचंच नाव दिलं गेलं. कागदावर असं ठरलं आहे की वाट आर्मेनियाच्या कायद्याखाली राहील. वाटेला तिसऱ्याचंच नाव, हे ऐकून माझी आजी काय म्हणाली असती!

हा प्रश्न आपणही लढलो आहोत, आणि तोही कोर्टात. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांची, पण समुद्रावरच्या दमणपासून तुटलेली. मधे भारत. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली, त्यात आपल्याकडचे कितीतरी होते. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांची नावं तर घराघरांत आहेत. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं : आमच्याच मुलखात जायला भारत वाट देत नाही. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारतानं वाट नाकारली त्यात काही चूक केली नाही. आजोबांचं दफ्तर आणि फौजदाराची बंदूक यांतला फरक न्यायमूर्तींनी इतका नेमका सांगितला आहे की मेघ्रीवर भांडणाऱ्यांनी तो निकाल भिंतीवर टांगावा.

तोवर नखचिवानचे लोक बाकूला विमानानं जातात, तासाभराचा प्रवास. गॅससाठी बरीच वर्षं इराणशी अदलाबदल होती : अझरबैजाननं एका बाजूनं इराणला द्यायचा, इराणनं दुसऱ्या बाजूनं नखचिवानला, थोडा वाटा हमाली म्हणून ठेवून. मार्च २०२५ मध्ये तुर्कस्तानातल्या इग्दिरहून नळ आला. म्हणजे घरचाच देश, पण चूल शेजाऱ्याच्या हवाल्यावर.

प्रश्न : माझं वय ८४. माहेर शिरहट्टीचं, सासर सांगलीत गावभागात. शिरहट्टी सांगलीची होती असं म्हटलं की नातू हसतो, 'आजी, ते कर्नाटकात आहे' म्हणतो. त्याला काय दाखवू? — सांगली

काकू, तुमचं पत्र सगळ्यांत शेवटी उघडलं आणि वरचं सगळं त्यामुळेच असं लिहिलं गेलं.

नातूही खरा आणि तुम्हीही खऱ्या. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेकडची संस्थानं मुंबई इलाख्यात विलीन झाली. सांगलीचे सहा तुकडे ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याला मिळाले : मंगळवेढं सोलापूर जिल्ह्यात, शहापूर बेळगावात, शिरहट्टी धारवाडात. औंधचंही तसंच. आटपाडी, कुंडल आणि खुद्द औंध एका राजाचे, पण एका हद्दीतले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा धारवाडबरोबर शिरहट्टी म्हैसूर राज्यात गेली. तेच आजचं कर्नाटक. आणि ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो आधी दक्षिण सातारा होता, सांगली हे नाव १९६० चं.

नातवाला दाखवायला तुमच्या माहेरचा एखादा जुना कागद काढा. खरेदीखत, वाटणीपत्र, काहीही. १९४८ च्या आधीचं असेल तर स्टॅम्पावर सांगली संस्थानचं नाव असेल आणि गाव शिरहट्टी. त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. मला पाहायला आवडेल, पण मूळ कागद टपालानं पाठवू नका. नातवालाच मोबाईलवर फोटो काढायला सांगा, उजेडात, घडी उलगडून, स्टॅम्प पूर्ण दिसेल असा.